उचगाव परिसरातील सुगंधी वनस्पती : बाष्पनशील तेलांचे रसायनशास्त्र व जंतुरोधक गुणधर्म

बेळगावहून हिंडलगा, सुळगा मार्गे वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत उचगाव हे मराठी भाषिकांचे सीमेवरील गाव आहे. भात, रताळी, बटाटा व ऊस ही या पट्ट्यातील पिके. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय शेतातील पिकांचा नसून परसातील झाडांचा आहे. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला गवती चहा, कुंडीतील पानओवा, अंगणातील तुळस, स्वयंपाकघरातील डब्यात ओवा, लवंग, दालचिनी आणि शेपूचे बी, बांधाबांधाने उभी असलेली निलगिरी. घराघरांत असलेल्या या वनस्पतींना एकत्र जोडणारी एक गोष्ट आहे. त्यांच्यापासून पाण्याच्या वाफेबरोबर उडून येणारे सुगंधी तेल मिळते. रसायनशास्त्रात त्यास बाष्पनशील तेल असे म्हणतात.

या भागात एकाच वनस्पतीची तीन-तीन नावे चालतात, याची नोंद सुरुवातीलाच घ्यावी. मराठीतील ओवा हा शेजारच्या मोहल्ल्यात अजवाईन असतो व कन्नड बोलणाऱ्याच्या घरी ओमकाळू. पानओव्याला कन्नडमध्ये दोड्डपत्रे म्हणतात, वाळ्याला लावंच आणि गवती चहाला मज्जिगे हुल्लू. विद्यार्थी प्रकल्प करतात तेव्हा नावांच्या या गोंधळामुळे भलतीच वनस्पती प्रयोगशाळेत येण्याची शक्यता असते. म्हणून प्रत्येक नमुन्यास शास्त्रीय नाव जोडण्याची सवय लावणे हे अध्यापकाचे पहिले काम होय.

या विषयाकडे वळण्याचे एक तातडीचे कारण आहे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कापूर, लवंग, ओवा व निलगिरी तेलाचे थेंब घातलेली पुरचुंडी हुंगल्याने रक्तातील प्राणवायूची पातळी वाढते, असा संदेश देशभर मोबाईलवरून फिरला. त्याला कोणताही शास्त्रीय आधार नव्हता. तरीही सुशिक्षित घरांतही त्यावर विश्वास ठेवला गेला, कारण पुरचुंडी हुंगल्यावर नाक खरोखर मोकळे झाल्यासारखे वाटते. वाटणे व होणे यांतील अंतर कोणते, हे समजावून सांगणे विज्ञानाच्या अध्यापकाचे कर्तव्य आहे. त्यासाठी या तेलांची खरी शक्ती कोठे आहे आणि ती कोठे संपते, हे दोन्ही त्यास ठाऊक असले पाहिजे.

तेल येते कसे

खोबरेल किंवा शेंगदाणा तेल आणि बाष्पनशील तेल यांत 'तेल' हा शब्दच काय तो समान आहे. खाद्यतेल म्हणजे ग्लिसरॉल व मेदाम्ले यांचे संयुग. ते उडून जात नाही. कागदावर त्याचा थेंब टाकल्यास डाग कायम राहतो. शुद्ध बाष्पनशील तेलाचा थेंब मात्र काही वेळाने नाहीसा होतो. बाजारातील 'निलगिरी तेल' किंवा 'लवंग तेल' यांत स्वस्त स्थिर तेलाची भेसळ आहे काय, हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी चाचणी असून तीस काही खर्च येत नाही. (अल्कोहोल किंवा टर्पेंटाइनसारखी उडून जाणारी भेसळ मात्र या चाचणीत सापडत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगावे.)

वनस्पती हे तेल विशिष्ट ग्रंथींत साठवते. तुळशीच्या पानावर भिंगाने पाहिल्यास सूक्ष्म चकचकीत ठिपके दिसतात, त्या तेलग्रंथी होत. निलगिरी व संत्रे यांत तेलाच्या पोकळ्या पानाच्या किंवा सालीच्या आत असतात. संत्र्याची साल फुगवलेल्या फुग्याजवळ दाबली असता फुगा फुटतो, कारण सालीतून उडणारे लिमोनिन रबराला विरघळवते. थर्मोकोलवरही त्याचा तसाच परिणाम होतो. हे तेल प्लास्टिकच्या बाटलीत का ठेवू नये, याचे उत्तर येथेच मिळते.

सिट्रलचा उत्कलनांक सुमारे २२९ अंश सेल्सिअस आहे. मग उकळत्या पाण्यासोबत ते कसे वर येते? परस्परांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापविले असता प्रत्येकाचा बाष्पदाब स्वतंत्रपणे कार्य करतो. दोन्ही दाबांची बेरीज वातावरणाच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळते, म्हणजेच पाण्याच्या उत्कलनांकापेक्षाही थोड्या कमी तापमानाला. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणीच मुळी ९७-९८ अंशांवर उकळते. उष्णतेने सहज बिघडणारी संयुगे त्यामुळे सुखरूप बाहेर येतात. प्रयोगशाळेत यासाठी १९२८ साली क्लेव्हेंजर यांनी सुचविलेले काचेचे उपकरण वापरतात. त्यात तेल मोजपट्टी असलेल्या नळीत साठते व पाणी परत भांड्यात जाते.

ऊर्ध्वपातनाची ही विद्या जुनी आहे. नवव्या शतकातील अल-किंदी यांच्या सुगंधी द्रव्ये व ऊर्ध्वपातन यांवरील अरबी ग्रंथात शंभराहून अधिक कृती दिलेल्या आहेत. 'अर्क' आणि 'अत्तर' हे आपल्या नित्य वापरातील शब्द अरबीतूनच आले, आणि इंग्रजीत ऊर्ध्वपातन पात्राला जे नाव आहे तेही 'अल-अंबीक' या अरबी शब्दापासून झाले. कनौजचे अत्तरवाले आजही देग व भपका वापरतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर खानदेशातील रोशा गवताचे उदाहरण द्यावे लागेल. एकोणिसाव्या शतकात नंदुरबार परिसरातील जंगलांत हे गवत भट्टीवर चढवून तेल काढीत. ते मुंबईमार्गे तांबड्या समुद्राकडे व पुढे कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जाई, आणि तेथे त्याचा एक मोठा उपयोग गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्यासाठी होई! याचे कारण निव्वळ रासायनिक आहे. रोशा तेलाचा बहुतांश भाग जिरॅनिऑल असतो, आणि गुलाबाच्या सुगंधातही तेच प्रमुख संयुगांपैकी एक आहे.

किती पाल्यापासून किती तेल मिळते याचाही अंदाज असावा. ताज्या गवती चहापासून शेकडा ०.२ ते ०.५, ओव्यापासून २ ते ४ आणि लवंगेपासून १५ ते २० इतके तेल मिळते. दहा किलो गवती चहा उकळून हाती येते ते अर्ध्या कपापेक्षाही कमी.

रेणूंची ओळख

बाष्पनशील तेल हा एक पदार्थ नसून अनेक, कधी कधी शंभराहूनही अधिक, संयुगांचे मिश्रण असते. त्यांतील बहुतेक टर्पीन वर्गातील असतात. पाच कार्बन असलेल्या आयसोप्रीन एककाच्या जोडणीतून ही संयुगे तयार होतात, हा नियम मांडणाऱ्या ओटो वालाख यांना १९१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन एकके जोडली की दहा कार्बनचे मोनोटर्पीन (लिमोनिन, पायनीन, जिरॅनिऑल, सिट्रल, मेंथॉल) आणि तीन जोडली की पंधरा कार्बनचे सेस्क्विटर्पीन (वाळ्यातील खुसिमॉल, चंदनातील सँटॅलॉल, हळदीतील टर्मेरोन). दुसरा वर्ग फिनाइल प्रोपेन साखळीचा. लवंगेतील युजेनॉल व दालचिनीच्या सालीतील सिनॅमाल्डिहाइड त्यात येतात.

वर्गात शिकविताना दोन जोड्या फार उपयोगी पडतात. पहिली जोडी शेपूचे बी आणि चटणीचा पुदिना. दोहोंतील मुख्य संयुग कार्व्होन हेच आहे. रेणुसूत्र तेच, बंधही तेच. तरीही एकाचा वास दुसऱ्यासारखा नाही, कारण हे रेणू एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब आहेत. प्रकाशीय समघटकता हा विषय फळ्यावर कितीही आकृत्या काढून समजत नाही, तो दोन वाट्या नाकापाशी धरल्या की समजतो.

दुसरी जोडी ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल, म्हणजेच थायमॉल व मेंथॉल. ('फूल' याचा अर्थ येथे स्फटिक असा आहे.) दोहोंचा सांगाडा एकच : सहा कार्बनचे कडे, त्यावर एक मिथिल गट, एक आयसोप्रोपिल गट आणि एक हायड्रॉक्सिल गट. फरक एवढाच की थायमॉलचे कडे बेंझिनसारखे आहे, म्हणून ते फिनॉल ठरते. मेंथॉलचे कडे संपृक्त आहे, म्हणून ते साधे अल्कोहोल ठरते. या एका फरकाने थायमॉलची जंतुनाशक शक्ती मेंथॉलच्या कितीतरी पुढे जाते.

घरोघरी ठाऊक असलेल्या अमृतधारेत हीच दोन 'फुले' आणि कापूर असतो. थायमॉल सुमारे ५० अंशांवर वितळतो, मेंथॉल ४२-४३ अंशांवर आणि कापूर १७५ च्याही वर. तिन्ही कोरडे, घन पदार्थ. पण बाटलीत एकत्र हलविले की खोलीच्या तापमानालाच त्यांचा द्रव होतो. मिश्रणाचा वितळणांक घटकांच्या वितळणांकापेक्षा खाली येतो, हे यापेक्षा चांगले दाखविणारा प्रयोग शोधून सापडणार नाही.

एकाच जातीच्या दोन झाडांतही रसायने वेगळी असू शकतात. एका तुळशीत युजेनॉल प्रमुख असते, तर दुसरीत मिथिल चॅव्हिकॉल. निलगिरीच्या बाबतीत तर जातीगणिक फरक पडतो : औषधी निलगिरी तेलात सिनेओल ७० टक्क्यांहून अधिक असते, उलट लिंबाचा वास येणाऱ्या निलगिरीत सिट्रोनेलल हे प्रमुख. म्हणून 'तुळशीच्या तेलाने अमुक जंतू मरतो' हे विधान कोणती तुळस, कोणत्या ऋतूत तोडली, कोणता भाग घेतला, हे न सांगता अपुरे आहे.

जंतूवर काय घडते

लिस्टर यांनी १८६७ मध्ये शस्त्रक्रियेत कार्बोलिक आम्ल म्हणजेच फिनॉल वापरून जखमा सडणे थांबविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानंतर प्रत्येक नव्या जंतुनाशकाची तुलना फिनॉलशी होऊ लागली आणि १९०३ मध्ये रिडिअल व वॉकर यांनी त्यासाठी प्रमाणित पद्धत दिली. या मोजमापात थायमॉल फिनॉलच्या अनेक पट प्रभावी ठरला, आणि तो आपल्याच बाजारात पूर्वीपासून होता. पुणे व दख्खनच्या इतर बाजारपेठांत विकले जाणारे 'अजवाईन का फूल' म्हणजे थायमॉलच होय, हे स्टेनहाउस यांनी १८५५ मध्ये व हेन्स यांनी १८५६ मध्ये दाखविले. पुढे भारतातील ओवा जर्मनीत जाऊ लागला आणि तेथून थायमॉल होऊन जगभर विकला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धात हा पुरवठा तुटेपर्यंत हेच चालू होते. कच्चा माल आपला व रसायन परक्याचे, हा प्रकार केवळ कापसापुरता नव्हता.

आता क्रियेकडे वळू. जीवाणूच्या पेशीभोवती मेदाचे दुपदरी पटल असते. ते पेशीतील पोटॅशियम आत राखते आणि आत-बाहेरील हायड्रोजन आयनांच्या फरकावर पेशीची ऊर्जा निर्माण होते. थायमॉल, कार्व्हाक्रॉल यांसारखे रेणू पाण्यात फारसे विरघळत नाहीत, पण मेदात सहज शिरतात. पटलात शिरून ते त्याची घडी विसकटतात. पोटॅशियम बाहेर झिरपते, आयनांचा फरक नाहीसा होतो व ऊर्जानिर्मिती ठप्प होते. कार्व्हाक्रॉलच्या बाबतीत त्याचा हायड्रॉक्सिल गट पटलाच्या एका बाजूस प्रोटॉन सोडून दुसऱ्या बाजूने दुसरा आयन घेऊन परततो, असे मानले जाते. धरणाच्या भिंतीस भोके पडली की वीजनिर्मिती बंद पडते, तसाच हा प्रकार. कार्व्हाक्रॉलमधून हायड्रॉक्सिल गट काढला की पॅरा-सायमीन उरते आणि त्याची शक्ती अगदीच क्षीण असते, यावरून या गटाचे महत्त्व ध्यानी येते. आपल्या कुंडीतील पानओव्यात कार्व्हाक्रॉल व थायमॉल हेच दोघे आढळतात.

अॅल्डिहाइडांची रीत निराळी आहे. सिनॅमाल्डिहाइड व सिट्रल हे पेशीतील प्रथिनांच्या अमिनो व गंधकयुक्त गटांशी रासायनिक संयोग करतात, त्यामुळे विकरे निकामी होतात. बुरशीवर या दोहोंचा प्रभाव विशेष दिसतो.

सर्व जंतू सारखेच बळी पडत नाहीत. ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंना बाहेरचे दुसरे पटल नसते, म्हणून त्यांवर परिणाम लवकर होतो. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंना लिपोपॉलिसॅकराइडचे बाह्य पटल असते, जे मेदप्रिय रेणूंना अडविते. स्युडोमोनास एरुजिनोसा तर आत आलेला रेणू पंपासारख्या प्रथिनांनी पुन्हा बाहेर फेकतो. जळालेल्या रुग्णांच्या जखमांत हाच जीवाणू वारंवार आढळतो, हे लक्षात घेतल्यास 'जखमेवर निलगिरी लावा' या सल्ल्याची जोखीम कळेल.

ऑस्ट्रेलियातील हॅमर, कार्सन व रायली यांनी १९९९ मध्ये ५२ वनस्पतींची तेले व अर्क दहा प्रकारच्या सूक्ष्मजीवांवर तपासून पाहिले. दहाही सूक्ष्मजीवांची वाढ २ टक्के किंवा त्याहून कमी प्रमाणात रोखणारी तेले केवळ तीन निघाली आणि त्यांत एक होते गवती चहाचे. त्याच अभ्यासात स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर सर्वांत कमी प्रमाणात, म्हणजे ०.००८ टक्के इतके पातळ असताना, प्रभावी ठरले ते वाळ्याचे तेल.

हे वाचून माठात वाळ्याची जुडी टाकणारे आजोबा खूश होतील. परंतु येथेच थांबून विचार केला पाहिजे. स्टॅफिलोकॉकस हा ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणू. पिण्याच्या पाण्यातून पसरणारे कॉलरा, विषमज्वर व अतिसाराचे जीवाणू ग्रॅम-निगेटिव्ह आहेत, आणि त्यांपुढे वाळ्याच्या जड सेस्क्विटर्पीनांचे फारसे चालत नाही. शिवाय मुळ्यांतील तेल थंड पाण्यात नाममात्र उतरते. वाळ्याने पाण्यास सुगंध येतो, पाणी निर्जंतुक होत नाही. पावसाळ्यात विहिरीचे पाणी वापरणाऱ्या घरांत हा फरक जिवाशी गाठ घालणारा आहे. उकळणे किंवा क्लोरीन, याला वाळा पर्याय नाही.

गवती चहाच्या काढ्याचे गणित

असाच एक हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. एका कप चहात (२०० मिलिलिटर) साधारण दहा ग्रॅम ताजा गवती चहा टाकला आणि त्यात तेल ०.४ टक्के धरले, तर तेल झाले ४० मिलिग्रॅम. ते सर्वच्या सर्व पाण्यात उतरले व वाफेबरोबर काहीही उडाले नाही असे मानले, तरी कपातील प्रमाण ०.०२ टक्के. प्रयोगशाळेत गवती चहाच्या तेलाने जीवाणू रोखण्यास लागणारे प्रमाण सुमारे ०.०६ टक्के. म्हणजे सर्व गृहीतके आपल्या बाजूने झुकवूनही काढा एकतृतीयांशावर अडकतो, आणि चहा घशात थांबतो तो काही सेकंद! काढ्याने घशास शेक मिळतो, घाम येतो, बरे वाटते, हे खरे आहे. तो जंतू मारतो हे मात्र या हिशेबात बसत नाही.

नाक मोकळे झाल्याचा अनुभव मग कसला? मेंथॉल नाकातील थंडी जाणणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करतो. मेंदूला वाटते की थंड हवा भरपूर येत आहे. उपकरणाने मोजल्यास हवेचा प्रवाह पूर्वीइतकाच असतो. २०२१ मधील पुरचुंडीचे रहस्य एवढेच होते. प्राणवायू फुप्फुसातून रक्तात जाण्याचा मार्ग सुजलेला असताना नाकास गारवा वाटल्याने तो उघडत नाही. उलट बरे वाटल्याच्या समाधानात रुग्णालयात जाण्यास उशीर होतो, आणि त्या दिवसांत काही तासांचा उशीरही महाग होता.

परीक्षानळी आणि शरीर यांतील अंतर अन्नातही दिसते. मेद व प्रथिने तेलाचे रेणू स्वतःकडे ओढून घेतात, म्हणून पोषकद्रावात जे प्रमाण पुरते, त्याच्या दुपटीपासून शंभरपटीपर्यंत तेल दूध, चीज किंवा मांसात घालावे लागते. तेवढे तेल घातलेला पदार्थ कोणी तोंडात घालणार नाही.

जेथे यश आले ते कसे आले, हेही पाहण्याजोगे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंकुशकृमीच्या रोगावर थायमॉल हे मुख्य औषध होते. पोर्टो रिको व अमेरिकेच्या दक्षिण भागातील मोठ्या मोहिमा त्यावर चालल्या. रुग्णास सक्त ताकीद असे की औषधासोबत तेल, तूप किंवा मद्य घेऊ नये. कारण थायमॉल मेदात व अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि मग आतड्यातील कृमीऐवजी रुग्णाच्याच रक्तात जातो. पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर तो मागे पडला. दंतवैद्यकात झिंक ऑक्साइड व युजेनॉल यांचे मिश्रण मात्र आजही टिकून आहे. जुन्या हस्तलिखितांवरील बुरशी घालविण्यासाठी बंद पेटीत दिव्याच्या उष्णतेने थायमॉलची धुरी देण्याची पद्धत आपल्या देशातील अभिलेखागारांत रूढ झाली. ज्या संस्थांच्या कपाटांत उर्दू, फार्सी किंवा मोडी कागद पावसाळ्यात बुरशी धरतात, त्यांना हा उपयोग काढ्यापेक्षा जवळचा वाटावा. पण धुरी श्वासावाटे जाऊ नये याची काळजी घेऊन, जाणकाराच्या देखरेखीखालीच ती द्यावी.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, ही समजूत सर्वांत घातक. निलगिरी तेलाचे काही मिलिलिटर पोटात गेल्यास लहान मुलास झटके येऊ शकतात, कापराचेही तसेच. तान्ह्या बाळाच्या नाकाशी कापूर, मेंथॉल किंवा निलगिरी लावू नये. अमेरिकेत १९८३ पासून औषधांतील कापराचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक ठेवता येत नाही. दालचिनीचे शुद्ध तेल त्वचेवर भाजल्यासारखा व्रण करू शकते. जितके जंतूच्या पटलाला, तितकेच ते आपल्या पेशीच्या पटलालाही भिडते; रसायन माणूस व जंतू असा भेद स्वतःहून करीत नाही.

महाविद्यालयात करता येण्याजोगे

प्रकल्प अहवालांत नेहमी आढळणारे दृश्य असे : बशीत जीवाणू वाढविले, कागदाच्या चकतीवर तेल घातले, भोवती स्वच्छ वर्तुळ दिसले, आणि निष्कर्ष लिहिला की हे तेल प्रतिजैविकास पर्याय आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निष्कर्ष विद्यार्थ्याचा नसून आपल्या शिकविण्याचा दोष आहे. तेल आगारात नीट पसरत नाही, त्याची वाफ झाकणाखाली साचते, आणि वर्तुळाचा व्यास तेलाच्या पसरण्यावर तितकाच अवलंबून असतो जितका त्याच्या शक्तीवर. दोन तेलांच्या वर्तुळांची तुलना म्हणूनच फसवी ठरते. त्यातही गटारातील किंवा रुग्णाच्या नमुन्यातील अज्ञात जीवाणू साध्या प्रयोगशाळेत वाढविणे धोक्याचे आहे. ते करू नये.

पाव व काचेच्या बरण्या एवढ्यावरच चांगला प्रयोग होतो. बुरशीरोधक न घातलेला बेकरीचा पाव घ्यावा. सारखे तुकडे किंचित ओले करून झाकणाच्या बरण्यांत ठेवावेत. झाकणाच्या आतील बाजूस गाळणकागद चिकटवून त्यावर गवती चहाच्या तेलाचे शून्य, एक, दोन व पाच थेंब टाकावेत. प्रत्येक मात्रेच्या तीन बरण्या हव्यात, आणि तीन बरण्यांत खोबरेल, म्हणजे 'तेलकटपणा' व 'वाफ' यांचा परिणाम वेगळा करता येतो. दररोज बाहेरूनच पाहून नोंद करावी. बुरशी आलेली बरणी उघडू नये, शेवटी ब्लीचिंग पावडरच्या द्रावात टाकावी. दहाव्या दिवशी ज्या बरण्यांत बुरशी आली नाही तेवढ्यांचे कागद काढून झाकण पुन्हा लावावे. त्यानंतर बुरशी उगवली तर तेलाने तिला केवळ रोखून धरले होते, मारले नव्हते. रोखणे व मारणे यांतील हा भेद समजला की अर्धे सूक्ष्मजीवशास्त्र समजले.

दुसरा प्रयोग यीस्टचा. मैद्याचे सारखे गोळे मोजपात्रांत ठेवून ते किती फुगतात हे अर्ध्या-अर्ध्या तासाने पाहावे. एकात काही नाही, एकात लवंग तेलाचा अल्कोहोलमधील द्राव, आणि एकात नुसते तेवढेच अल्कोहोल. तिसरा गोळा ठेवायला विद्यार्थी हमखास विसरतात. तो नसेल तर पहिल्या दोघांवरून काहीच सिद्ध होत नाही.

रसायनशास्त्राच्या बाजूने लवंग तेल सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून युजेनॉल वेगळे करणे आणि गवती चहाच्या तेलातील सिट्रलचा २,४-डायनायट्रोफिनाइल हायड्रॅझिनबरोबर येणारा नारिंगी-तांबडा साका दाखविणे, हे पदवीच्या पहिल्या वर्षालाही झेपते.

यापुढे जाऊन शुद्ध जीवाणू-संवर्धनावर किमान रोधक मात्रा काढायची असेल, तर ते काम सुसज्ज प्रयोगशाळेतच व्हावे. बेळगावात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था २००६ मध्ये स्थापन झाली व पुढे तिचे नाव राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था असे झाले. पश्चिम घाटातील औषधी वनस्पती हे तिचे कार्यक्षेत्रच आहे. लागवडीच्या अंगाने लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेचे संशोधन केंद्र बंगळुरात असून, २०१७ पासून सुगंधी पिकांसाठी राष्ट्रीय पातळीवर मोहीम सुरू करण्यात आली. उचगाव, तुरमुरी, बाची या बाजूच्या विद्यार्थ्यांनी आधी आपल्या परसातील वनस्पतींची यादी केली, तर अशा संस्थांकडे जाताना हातात काही असेल. यादीच्या तक्त्यात मराठी, कन्नड व दखनी नाव, शास्त्रीय नाव, तोडल्याची तारीख, झाडाचा भाग, ताजे वजन व मिळालेले तेल एवढे रकाने पुरेत. घरच्या वृद्ध स्त्रियांना त्या वनस्पतीचा उपयोग विचारून तो त्यांच्याच शब्दांत शेवटच्या रकान्यात लिहावा. तेलाची बाटली गडद काचेची असावी, तोंडापर्यंत भरलेली, आणि चिठ्ठीवर तारीख शाईऐवजी पेन्सिलीने लिहिलेली, कारण तेलाचा एक थेंब ओघळला की शाई पुसली जाते.